नॅनोस्फटिकांचा आकार

ज्या स्फटिकांची निदान एक मिती सु. १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) या मर्यादेत असते, त्यांना नॅनोस्फटिक म्हणतात. व्यवहारात ‘आकार’ हा शब्द लहानमोठेपणा आणि घडण अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. प्रस्तुत नोंदीत लहानमोठेपणासाठी ‘आकारमान’ आणि गोल, घन, काडी, पत्री इ. घडणीसाठी ‘आकार’ हे शब्द योजिले आहेत. या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी हा भेद शास्त्रज्ञांच्या लक्षात येण्याचा इतिहास आहे. सूक्ष्म कणांचे वेगळेपण त्यांच्या लहानपणात आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. एकाच धातूचे, जवळजवळ एकाच आकारमानाचे पण भिन्न आकारांचे कण रासायनिक दृष्ट्या निराळे वागतात, हे प्रयोगाने दाखविता येण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

फलक व अणूंची मांडणी : लहानपणाचे महत्त्व साध्या गणिताने कळते. १ सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते. तोच घन कापून १ नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर द्रव्य तेवढेच राहून एकूण पृष्ठफळ ६,००० चौ. मी. होते. रासायनिक विक्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने सूक्ष्म कण अधिक क्रियाशील असणार, हे यावरून उघड होते. परंतु या हिशोबात पृष्ठभाग सर्वत्र सारखाच असतो असे गृहीत धरलेले आहे आणि स्फटिकाच्या बाबतीत ते खरे नाही.

सोने, चांदी, प्लॅटिनम व पॅलॅडियम या धातूंच्या स्फटिकाच्या अंतर्भागात प्रत्येक अणूला बारा निकटचे शेजारी असतात. स्फटिक अष्टफलकाच्या वा चतुष्फलकाच्या आकाराचा असेल, तर त्याच्या फलकांवरील अणू षट्कोणी मांडणीत दाटीने बसलेले असतात आणि प्रत्येकाला नऊ शेजारी उरतात. स्फटिक घनाकार असेल, तर फलकांवरील अणूंची मांडणी चौरस असते आणि शेजारी आठच असतात. घनाच्या कडेवरील अणूला पाच, तर कोपऱ्यावरील अणूला अवघे तीन शेजारी असतात. शेजारी जितके कमी, तितकी बाहेरून आलेल्या रेणूशी बंध जोडण्याची अणूची प्रवृत्ती सामान्यतः अधिक असते. शिवाय येणाऱ्या रेणूला पृष्ठभागावर कोणत्या अंतरांवर व कोणत्या कोनांत अणू सापडतात, हेही मांडणीवर अवलंबून असते. म्हणजे आकार बदलला की फलक बदलतात, फलक बदलले की अणूंची मांडणी बदलते आणि मांडणीबरोबर रसायनही बदलते.

प्रारंभीचा काळ : धातूंच्या अतिसूक्ष्म कणांचा उपयोग त्यांचे स्वरूप कळण्यापूर्वी कित्येक शतके होत होता. लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममध्ये असलेला, चौथ्या शतकातील रोमन बनावटीचा ‘लायकर्गस चषक’ बाहेरून पडलेल्या प्रकाशात हिरवा, तर आतून प्रकाश टाकल्यास लाल दिसतो. त्याच्या काचेत सोने व चांदी यांच्या मिश्रधातूचे सूक्ष्म कण विखुरलेले आहेत. सतराव्या शतकापासून यूरोपात ‘कॅसियसचा जांभळा’ या नावाने ओळखला जाणारा सुवर्णयुक्त रंग काच व चिनी माती यांना माणकासारखी छटा देण्यासाठी वापरात होता.

या रंगांची शास्त्रीय मीमांसा मायकेल फॅराडे यांनी प्रथम केली. त्यांनी सोन्याच्या लवणाच्या विद्रावाचे फॉस्फरसाने क्षपण करून माणकाच्या रंगाचा द्रव तयार केला. या द्रवात सोने धातुरूपातच असून त्याचे कण डोळ्यांना दिसू न शकण्याइतके बारीक आहेत, असे त्यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात प्रतिपादन केले. १९०३ च्या सुमारास रिखार्ट झिग्माँडी व हाइन्‍रिख झीडेंटोप्फ यांनी अतिसूक्ष्मदर्शक तयार केला. त्यात कणाने विखुरलेला प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर ठिपक्याच्या रूपाने दिसे. कणांची संख्या त्यामुळे मोजता आली व तीवरून त्यांच्या आकारमानाचा अंदाज करता आला. कलिलांवरील (द्रवात अतिसूक्ष्म कण विखुरलेल्या मिश्रणांवरील) या कार्याबद्दल झिग्माँडी यांना रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ठिपका कणाचे अस्तित्व सांगे, त्याची घडण सांगत नसे.

१९०८ मध्ये जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ मी यांनी धातूच्या गोल कणाकडून होणारे प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन विद्युत्-चुंबकीय सिद्धांतावरून गणिताने काढून दाखविले. गोल हा आकार गणिताला सोयीचा होता आणि पुढे अनेक वर्षे कलिलातील कण गोलच समजण्याची प्रथा पडली. रिखार्ट गान्स यांनी १९१२ मध्ये हे गणित लांबट व चपट्या कणांना लावले. कण लांबट झाल्यास त्याचा शोषणपट्ट अधिक तरंगलांबीकडे सरकेल, म्हणजेच सोन्याचा रंग त्याच्या घडणीनुसार बदलेल, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता. हव्या त्या आकाराचे कण बनविण्याचे वा प्रत्यक्ष पाहण्याचे साधन त्या वेळी नसल्याने तो बराच काळ कागदावरच राहिला.

१९३१ मध्ये माक्स क्नोल व एर्न्‌स्ट रूस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातल्यावर ही अडचण कमी होऊ लागली. अमेरिकेत जॉन टर्केव्हिच, पी. सी. स्टीव्हनसन व जेम्स हिलियर यांनी १९५१ मध्ये सायट्रेट वापरून केलेल्या सुवर्णकलिलाचा या उपकरणाने अभ्यास केला. बीजकण निर्माण होणे आणि त्याची वाढ होणे हे दोन टप्पे त्यांनी वेगळे ओळखले. त्यांच्या पद्धतीने मिळणारे कण सु. २० नॅनोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल आणि बरेचसे एकसारखे असत. आकारमानावर ताबा मिळविण्यात हे मोठे यश होते, तरी आकाराचा प्रश्न अद्याप मागेच होता.

समतोल आकार : स्फटिक विवक्षित आकारच का घेतो, याची उपपत्ती दरम्यान वेगळ्या मार्गाने तयार झाली होती. अमेरिकन शास्त्रज्ञ जे. विलर्ड गिब्ज यांनी १८७५–७८ च्या सुमारास आणि फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर क्यूरी यांनी १८८५ मध्ये असे मांडले की, ज्या आकारात एकूण पृष्ठ-ऊर्जा किमान होते तो स्फटिकाचा समतोल आकार होय. रशियन स्फटिकवैज्ञानिक वुल्फ यांनी १९०१ मध्ये याला भूमितीय रूप दिले : स्फटिकाच्या मध्यापासून एखाद्या फलकाचे अंतर त्या फलकाच्या पृष्ठ-ऊर्जेच्या प्रमाणात असते.

या नियमातून निघणारा एक परिणाम पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. ज्या फलकाची पृष्ठ-ऊर्जा जास्त, त्यावर नवे अणू सामान्यतः लवकर बसतात. तो वेगाने बाहेर सरकतो आणि वाढता वाढता लहान होऊन नाहीसा होतो. मागे राहतात ते कमी ऊर्जेचे, संथ वाढणारे फलक. रसायनज्ञाला बहुधा क्रियाशील फलक हवे असतात आणि स्फटिक आपल्या स्वभावानुसार नेमके तेच गमावतो. म्हणून क्रियाशील आकार मिळवावयाचा, तर स्फटिकाची वाढ समतोलाला पोहोचण्यापूर्वीच थांबवावी लागते.

पृष्ठविज्ञानातील पुरावा : उत्प्रेरकाचा (स्वतः कायम राहून विक्रियेची गती बदलणाऱ्या पदार्थाचा) सगळा पृष्ठभाग सारखाच कामाचा नसून काही विशिष्ट स्थानेच क्रियाशील असतात, अशी कल्पना ह्यू टेलर यांनी १९२५ मध्ये मांडली. मिशेल बूदार यांनी १९६९ मध्ये उत्प्रेरित विक्रियांचे पृष्ठसंरचनेवर अवलंबून असणाऱ्या व नसणाऱ्या असे दोन वर्ग सुचविले. या कल्पनांना ठोस आधार मिळाला तो मोठे एकस्फटिक हव्या त्या दिशेने कापून, निर्वातात स्वच्छ करून केलेल्या प्रयोगांनी. या प्रयोगांत कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) गॅबर सोमोरजाई आणि जर्मनीतील गेरहार्ट एर्टल यांचा वाटा मोठा आहे. घन पृष्ठभागांवरील रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासाबद्दल एर्टल यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सोमोरजाई यांच्या गटाला असे आढळले की, प्लॅटिनमाच्या षट्कोणी मांडणीच्या फलकावर सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांपासून बेंझीन व टोल्यूइन यांसारखी वलयी संयुगे अधिक सहजपणे बनतात. चौरस मांडणीच्या फलकावर हलक्या हायड्रोकार्बनांच्या साखळीची फेरमांडणी अधिक होते. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात या दोन्ही विक्रियांना महत्त्व आहे. १९८२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला लोखंडावरील प्रयोग याहून बोलका आहे. नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया बनण्याची गती लोखंडाच्या तीन प्रमुख फलकांवर मोजली असता ती ४१८ : २५ : १ या प्रमाणात आढळली. कृत्रिम नायट्रोजनी खतांचा, पर्यायाने जगाच्या अन्नपुरवठ्याच्या मोठ्या भागाचा, पाया असलेल्या या विक्रियेत धातू तोच असूनही केवळ फलक बदलल्याने चारशे पटींहून अधिक फरक पडत होता.

तरीही हे प्रयोग मोठ्या एकस्फटिकांच्या काळजीपूर्वक तयार केलेल्या पृष्ठभागांवरचे होते. कारखान्यातील उत्प्रेरक हा सच्छिद्र आधारावर पसरलेल्या, वेड्यावाकड्या नॅनोकणांचा असतो. या दोहोंमधील दरी भरून काढण्यासाठी नॅनोकणालाच हवा तो आकार देणे आवश्यक होते.

आकारनियंत्रित निर्मिती : या दिशेने निर्णायक पाऊल १९९६ मध्ये पडले. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत मूळचे ईजिप्तचे रसायनज्ञ मुस्तफा एल्-सईद व त्यांचे सहकारी यांनी प्लॅटिनमाच्या लवणाचे सामान्य तापमानास क्षपण केले आणि कणांवर आच्छादन म्हणून एक बहुवारिक (लहान रेणूंच्या जोडणीने बनलेला मोठ्या रेणूंचा पदार्थ) वापरले. बहुवारिक व प्लॅटिनम आयन यांचे प्रमाण बदलताच मिळणाऱ्या कणांत घन, चतुष्फलक इ. आकारांचा वाटा बदलतो, असे त्यांना दिसून आले.

२००४ मध्ये याच प्रयोगशाळेतील राधा नारायणन व एल्-सईद यांनी या कणांच्या उत्प्रेरणक्षमतेची तुलना प्रसिद्ध केली. हेक्झासायनोफेरेट व थायोसल्फेट आयनांमधील इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीची विक्रिया त्यांनी निवडली. तिची सक्रियण-ऊर्जा (विक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची पायरी) चतुष्फलकी कण वापरल्यास १४·०, जवळजवळ गोल कण वापरल्यास २२·६ आणि घनाकार कण वापरल्यास २६·४ किलोजूल प्रतिमोल भरली. यांपैकी चतुष्फलकी व गोल कणांचे सरासरी आकारमान सु. ५ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. त्यामुळे त्यांच्यातील फरकाचे श्रेय लहानपणाला देता येत नव्हते. चतुष्फलकात कडा व कोपरे यांवरील अणूंचे प्रमाण जास्त असते, हे त्याचे कारण सांगितले गेले.

आकारामुळे विक्रियेच्या गतीप्रमाणे तिचे उत्पादितही बदलू शकते. २००७ मध्ये सोमोरजाई, पेइतुंग यांग व सहकारी यांनी प्लॅटिनमाच्या नॅनोकणांवर बेंझीन व हायड्रोजन यांची विक्रिया घडवून आणली. घनाकार कणांवर केवळ सायक्लोहेक्झेन मिळाले. दोन्ही प्रकारचे फलक असलेल्या कणांवर त्याबरोबरच सायक्लोहेक्झीनही मिळाले. एकस्फटिकांवर मिळालेले उत्तर नॅनोकणांनी येथे जुळवून दाखविले.

चांदीच्या बाबतीत युगांग सन व युनान शिया यांनी २००२ मध्ये एथिलीन ग्लायकॉलात पॉलिव्हिनिल पायरोलिडोनाच्या सान्निध्यात क्षपण करून एकसारखे नॅनोघन मिळविले. आच्छादक रेणू चौरस मांडणीच्या फलकांना अधिक घट्ट चिकटतात, त्यांची वाढ रोखतात आणि म्हणून शेवटी तेच फलक शिल्लक राहतात, असे याचे स्पष्टीकरण आहे. वुल्फ यांचा नियम येथे मोडलेला नाही. फलकांच्या ऊर्जांचा क्रम तेवढा आच्छादकाने बदलला आहे.

रंग व प्रकाशीय गुणधर्म : धातूच्या कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्रात समूहाने आंदोलन पावतात आणि त्या आंदोलनाच्या कंप्रतेचा प्रकाश शोषला जातो. सोन्याचे लहान गोल कण सु. ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषून लाल दिसतात. कण काडीसारखा असेल, तर आडवे व उभे अशी दोन आंदोलने संभवतात. लांबी जाडीच्या सु. चौपट झाल्यास उभ्या आंदोलनाचे शोषण सु. ८०० नॅनोमीटरांवर, म्हणजे अवरक्त भागात जाते. गान्स यांनी कागदावर मांडलेला निष्कर्ष अशा प्रकारे सु. नऊ दशकांनंतर सर्रास पडताळता येऊ लागला. कॅथरिन मर्फी व सहकारी यांनी २००१ मध्ये बीजकणांपासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या नॅनोकाड्या वाढविण्याची रीत दिली. बाबक निकूबख्त व एल्-सईद यांनी २००३ मध्ये चांदीच्या आयनांच्या साहाय्याने तीत सुधारणा केली. सु. ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शरीराच्या ऊतकांत तुलनेने खोलवर जात असल्याने या काड्यांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. काड्या चिकटविलेल्या कर्क पेशी अशा प्रकाशाने तापवून मारता येतात, हे २००६ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर दाखविण्यात आले.

२००१ मध्ये चॅड मर्किन यांच्या गटाने चांदीच्या पिवळ्या, गोल कणांच्या कलिलावर प्रकाश पाडत ठेवला असता कणांचे त्रिकोणी पत्र्यांत रूपांतर होऊन द्रव निळा होतो, हे दाखविले. सोन्याच्या अशाच त्रिकोणी पत्र्या पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकारी यांनी २००४ मध्ये निराळ्या मार्गाने मिळविल्या. त्यांनी सोन्याच्या लवणाच्या विद्रावात गवती चहाच्या पानांचा अर्क घातला. अर्कातील पदार्थांनीच क्षपणाचे काम केले. या पत्र्याही अवरक्त प्रकाश शोषतात. घरोघरी परिचित असलेल्या वनस्पतीचा अर्क सामान्य तापमानास धातूच्या स्फटिकाला त्रिकोणी घडण देऊ शकतो, ही गोष्ट या क्षेत्रात लक्षणीय मानली गेली.

अर्धसंवाहक नॅनोस्फटिक : अर्धसंवाहकांत आकारमानाचा प्रभाव प्रथम लक्षात आला. अलेक्सेई एकिमॉव्ह यांनी १९८१ मध्ये काचेतील कॉपर क्लोराइडाच्या आणि लुईस ब्रुस यांनी १९८३ मध्ये द्रवातील कॅडमियम सल्फाइडाच्या स्फटिकांवर तो दाखविला. मुंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये एकसारखे कण बनविण्याची भरवशाची रीत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आकाराचा स्वतंत्र प्रभाव त्यानंतर पुढे आला. पॉल आलिव्हिसाटोस यांच्या गटाने २००० मध्ये कॅडमियम सिलेनाइडाचे काडीसारखे स्फटिक बनविले. गोल कणांचे उत्सर्जन कोणत्याही एका दिशेला बांधलेले नसते. काड्यांनी उत्सर्जित केलेला प्रकाश मात्र त्यांच्या लांबीच्या दिशेने ध्रुवित असतो, असे २००१ मध्ये आढळून आले.

वाद व दुरुस्त्या : आकार व रसायन यांच्या संबंधाविषयीचे सर्वच दावे टिकले नाहीत. जो आच्छादक पदार्थ आकार घडवितो, तोच पृष्ठभागाला चिकटून राहतो. त्यामुळे मोजलेली क्रियाशीलता फलकाची की आच्छादनाची, हा प्रश्न कायम उद्भवतो. टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या ॲनटेज या प्रकाराचे उदाहरण बोधप्रद आहे. २००८ मध्ये हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल वापरून त्याचे असे स्फटिक करण्यात आले की, सामान्यतः अल्प प्रमाणात आढळणाऱ्या उच्च ऊर्जेच्या फलकांचा वाटा त्यांत ४७ टक्के होता. हे फलक प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या विक्रियांत सर्वांत क्रियाशील असावेत, अशी समजूत त्यामुळे बळावली. २०११ मध्ये फ्ल्युओरीन काढून स्वच्छ केलेल्या स्फटिकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत हेच फलक इतरांपेक्षा कमी क्रियाशील ठरले. उच्च पृष्ठ-ऊर्जा म्हणजे अधिक क्रियाशीलता हे समीकरण सरसकट लावता येत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

आकाराचे स्थैर्य : या संशोधनामागील व्यावहारिक प्रश्न प्लॅटिनमासारख्या दुर्मिळ व महाग धातूंचा आहे. मोटारींच्या धुराचे शुद्धीकरण आणि इंधन-विद्युत् घट यांसाठी हा धातू लागतो आणि आकार योग्य असल्यास थोड्या धातूत अधिक काम होण्याची शक्यता असते. २००७ मध्ये चीनमधील श्यामेन विद्यापीठातील शिगांग सन व अमेरिकेतील झोंग लिन वांग यांच्या गटांनी विद्युत् रासायनिक रीतीने प्लॅटिनमाचे चोवीस फलकांचे स्फटिक मिळविले. फॉर्मिक अम्ल व एथेनॉल यांच्या ऑक्सिडीकरणात त्यांची दर एकक पृष्ठफळामागील क्रियाशीलता नेहमीच्या उत्प्रेरकाच्या चौपटीपर्यंत होती. मात्र हे स्फटिक आकारमानाने बरेच मोठे असल्याने त्यांच्या अंतर्भागातील धातू वाया जात होता. त्याच वर्षी अमेरिकेतील व्होजिस्लाव्ह स्टामेंकोव्हिच व सहकारी यांनी प्लॅटिनम व निकेल यांच्या ३ : १ प्रमाणातील मिश्रधातूचा षट्कोणी मांडणीचा फलक, ऑक्सिजनाच्या क्षपणात, शुद्ध प्लॅटिनमाच्या तशाच फलकापेक्षा दहापट आणि कार्बनावर पसरलेल्या प्रचलित प्लॅटिनम उत्प्रेरकापेक्षा नव्वद पट क्रियाशील असल्याचे प्रसिद्ध केले. सर्व फलक याच मांडणीचे असलेले अष्टफलकी नॅनोकण बनविण्यासाठी त्यानंतर अनेक प्रयोगशाळांत प्रयत्न झाले.

असे कण मिळाले, पण त्यांचा आकार टिकविणे अवघड ठरले. नारायणन व एल्-सईद यांना २००४ मध्येच दिसून आले होते की, विक्रिया चालू असताना प्लॅटिनमाच्या कणांचे कोपरे झिजून ते गोलाकडे झुकतात आणि त्यांची उत्प्रेरणक्षमता बदलते. २०१३ मध्ये जर्मनीतील पेटर श्ट्रासर व सहकारी यांनी अष्टफलकी कणांच्या अंतर्भागाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत निकेल मुख्यतः फलकांवर व प्लॅटिनम कडा-कोपऱ्यांवर साचलेले आढळले. वापरात फलकांवरील निकेल विरघळून फलक खोलगट होत आणि क्रियाशीलता घटे. २०१५ मध्ये अशा कणांच्या पृष्ठभागात थोडे मॉलिब्डेनम मिसळल्यास ते अधिक काळ टिकतात, असे दाखविण्यात आले.

ज्या कडा व फलक कणाला क्रियाशील करतात, तेच त्याला अस्थिर करतात. किमान पृष्ठ-ऊर्जेकडे जाण्याची स्फटिकाची ओढ कारखान्यातील उष्णतेत व विद्युत् दाबाखालीही थांबत नाही. त्यामुळे तयार होतानाच्या आकाराबरोबर वापरानंतरचा आकार तपासणे आणि विक्रिया चालू असतानाच कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, या गोष्टींना या विषयात महत्त्व आले आहे. नव्या आकाराची खरी कसोटी त्याची प्रारंभीची क्रियाशीलता किती आहे यापेक्षा ती किती काळ टिकते यावर ठरते.